दाजींचा लॅपटॉप आणि न पोचलेला कोंबडा

न्येन्डो, मसाकाजवळ
बुधवार, जेवणं आटोपल्यावर

कलंगाला बेटावरचे मासळी-निरीक्षक, माझ्या एकुलत्या एका बहिणीचे यजमान, माननीय दाजी वॉल्टर यांच्या चरणी (वयाने मी तुमच्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहे, तरी आज चरणीच) सोफेवाल्या यफेसीचा सविनय नमस्कार.

तुम्ही त्या बेटावर राहून जे काम करता त्याबद्दल प्रथम आभार. तुमचा गुडघा कसा आहे? बेटावर पाऊस कसा आहे? होडी कशी आहे, शेजारी कसे आहेत, मासे कसे आहेत? (म्हणजे ज्यांचं निरीक्षण होतं ते.) आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. केळीला यंदा घड चांगले धरलेत. तुमची रोबिना माझ्या लेकीच्या, फ्लावियाच्या समारंभासाठी गेल्या आठवड्यात सुखरूप पोचली, तिची तब्येत उत्तम आहे. आमच्या घरात ती रोज मला नवं काहीतरी ऐकवते, यावरून ताकदही भरपूर आहे असं दिसतं. तिने येताना आणलेला तुमचा लॅपटॉपही उत्तम आहे. पडदा सोडून.

घाबरू नका. पडदा म्हणजे काही अख्खा लॅपटॉप नव्हे. कळा आहेत, बिजागरी आहे, आतला पंखा घरघरतो, वायर लावली की बाजूचा दिवा लागतो. फक्त झाकण उघडल्यावर डाव्या अंगाला शाई सांडल्यासारखं काळं दिसतं आणि उजव्या अंगाला हिरव्या-जांभळ्या उभ्या रेघा दिसतात. रेघा तशा सुरेख आहेत. हे कसं झालं, तर यंदा उन्हाळा फार होता. शिवाय शेजारच्या बकरीला मी त्या खोलीत स्वतः पाहिलं आहे. आणि बुकाकाटाच्या रस्त्याचे खड्डे तुम्हाला मी काय सांगावेत! तेव्हा नेमका दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून त्या विषयावर वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

तर खरी अडचण पडद्याची नाहीच. आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. आमचे बाबा डोळे दाखवायला तुमच्याकडे येऊन राहिले होते, तेव्हा त्यांनी सोबत आलेल्या फ्लावियाला या लॅपटॉपसमोर खुर्ची मांडायला लावली, यंत्र सुरू करायला लावलं आणि तिला खोलीबाहेर काढलं. आपला आशीर्वाद त्यांनी एकट्याने बोलून ठेवला. हुकूम असा, की फ्लावियाच्या क्वांजुलाच्या दिवशी, म्हणजे नवऱ्याकडचे रीतसर ओळख द्यायला दारी येतील तेव्हा, दोन्हीकडची माणसं चटयांवर बसल्यावरच तो उघडायचा, आधी कुणी ऐकायचा नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी बाबा गेले. दुसरी प्रत कुठेच नाही. आणि क्वांजुला येत्या शनिवारी आहे. पोरगी समारंभाचा गोमेसी झगा शिवून बसली आहे, पाहुण्यांचा मंडप ठरला आहे, आणि ती एकच गोष्ट मागते आहे: आजोबांचा आवाज. मी पडद्याचं सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही, दाजी. नुसती खाली बसली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून मी तो लॅपटॉप टोफिककडे नेला. (टोफिक म्हणजे टॅक्सीच्या स्टेजपाशी छत्रीखाली बसून मोबाइल दुरुस्त करतो तो. त्याला सगळे इंजिनिअर म्हणतात, तोही ओ देतो.) त्याने लॅपटॉप कानाशी धरून हलवला, वास घेतला आणि म्हणाला, "ससालोंगो, जुळ्यांच्या बापा, याच्यावर कोण बसलं?" मी म्हटलं, बकरी. तो म्हणाला, "बकरी फारच शिस्तीत बसली म्हणायची, बरोब्बर मधोमध." नवा पडदा कंपालाहून यायला दोन आठवडे, असं त्याचं म्हणणं पडलं. तोवर वायरीने टीव्हीला जोडा, मोडक्या पडद्यावरचं सगळं टीव्हीवर दिसेल. वायर त्याने दिली. मी घरी येऊन आमचा टीव्ही पुढे-मागे, उलटासुलटा करून पाहिला. तुम्हाला तो माहीत आहेच, तुमच्या लग्नाच्या आधीचा, पाठीला कुबड असलेला. त्याला मागे पाच भोकं आहेत आणि ती वायर त्यातल्या एकातही जात नाही. मी जरा जोर लावला. आता त्याला सहा भोकं आहेत.

मग चपटा, मोठा टीव्ही कुणाकडे आहे याचा शोध घेतला. दवाखान्यातला फक्त हिवतापाविषयी बोलतो आणि तो बंद करायची किल्ली हरवली आहे. पाद्रीबाबांकडचा बिघडला आहे. उरला व्हीजे किबुयागाचा व्हिडिओ हॉल. किबुयागाला तुम्ही ओळखत नसाल, कारण तुम्ही सात वर्षांत इकडे फिरकला नाहीत. (का फिरकला नाहीत याकडे मी नंतर येतो.) पत्र्याची शेड, लाकडी बाकं, समोर भला मोठा टीव्ही आणि बाजूला माइक घेऊन किबुयागा. परदेशी सिनेमा लागला की हा प्रत्येक वाक्य आपल्या भाषेत सांगतो, जे सिनेमात नाही तेही सांगतो, आणि मेलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय तेही सांगतो. माणसं सिनेमासाठी कमी आणि त्याच्यासाठी जास्त येतात. त्याने मला सांगितलं, आज अकरा वाजता ये, खेळ लागायच्या आधी दहा मिनिटं टीव्ही तुझा. मी आणि रोबिना वेळेवर गेलो. पण प्रेक्षक आमच्याही आधी आले होते, बाकं भरली होती, आणि किबुयागाचा स्वभाव असा की समोर माणसं आणि हातात माइक असला की त्याला गप्प बसवत नाही.

वायर बरोब्बर बसली. रोबिनाने लॅपटॉप उघडला आणि त्या शाई-रेघांकडे न बघता परवलीचा शब्द टाइप केला. मी विचारलं, न बघता कसा येतो? तर लाजून म्हणाली, माझंच नाव आहे. (दाजी, एकोणतीस वर्षांनीसुद्धा! मला हे आधी माहीत असतं तर मी पुष्कळ गोष्टी बोललो नसतो.) आणि टीव्ही उजळला. त्यावर तुम्ही होता. बनियनवर, अर्ध्या चड्डीत, हातात तुमच्या मुलाएवढा मोठा मासा. बाकी काही नाही. ना फाइल, ना बाण, ना कुठलं बटण. मी कळा दाबल्या, लॅपटॉप आतून टुंग-टुंग वाजला, म्हणजे कुठेतरी काहीतरी उघडत होतं, पण टीव्हीवर तुम्ही आणि मासा, एवढंच. बाकं शांत झाली आणि किबुयागाने माइक तोंडाशी नेला.

"मंडळी, हा माणूस आहे वॉल्टर. मासा म्हणतोय, वॉल्टरभाऊ, मला सोड, घरी बायको वाट बघतेय. वॉल्टर म्हणतोय, माझीपण बघतेय, तिला काय दाखवू?" हॉल खदखदला. पाच मिनिटं तो मासा तुमच्याशी बोलत होता. मग माशाची सासू आली. चित्र हलत नव्हतं, पण लोकांना त्याचं काही वाटलं नाही. मागच्या बाकावर एक बाई माशासाठी हळहळत होती. रोबिना माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी लिहीत नाही. इतक्यात टीव्हीच्या डाव्या कडेने एक पांढरा बाण हळूच आत आला. टाळ्या! "हीरो आला!" किबुयागा ओरडला. मी आनंदाने हात झटकला आणि बाण पुन्हा डावीकडे नाहीसा झाला. "गेला! भिंतीपलीकडे गेला! भित्रा आहे!" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टीव्ही हा लॅपटॉपच्या शेजारची दुसरी खोली झाला होता. फाइली, बाण, बाबा, सगळे पहिल्या खोलीत, त्या शाईच्या अंधारात बसले होते, आणि आम्ही दुसऱ्या खोलीत मासा बघत होतो.

आता दोन्ही खोल्या एक कशा करायच्या? इथे दाजी, नशीब आणि रीत दोन्ही एकदम आडवी आली. तिसऱ्या बाकावर, टोपलीत भाजलेली गोंजा केळी घेऊन, एक जाड चष्म्याच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी तीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत टायपिंग केलं आणि नंतर कॉम्प्युटर चालवला, हे मला माहीत होतं. त्या एव्हलिनबाई होत्या हेही माहीत होतं. आणि त्या आपल्या होणाऱ्या जावयाची सख्खी आत्या आहेत हेही माहीत होतं. पण शनिवारी त्यांनी आमच्या दारात यायचं, आमच्या वक्त्याने "तुम्ही कोण? वाट चुकलात का?" म्हणून तासभर त्यांना पिडायचं, आणि मग कुठे ओळख व्हायची. शनिवारी व्हायची ओळख बुधवारी कशी दाखवणार? मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघांनीही तुमच्या माशाकडे पाहिलं.

मग एव्हलिनबाई छताकडे तोंड करून बोलल्या, "कुणाला म्हणून नाही, पण कुणा गृहस्थाला हे येत नसेल, तर खिडकीचं चित्र असलेली कळ दाबून धरावी, पी दाबावा, आणि वर जाणारा बाण एकदा दाबून एंटर मारावा." मीही माशाला उद्देशून म्हटलं, "कुणी बाई असं म्हणत असतील तर त्यांचे आभार, पण जरा मोठ्याने सांगावं." झालं! किबुयागाने निरोप्याचं काम स्वतःकडे घेतलं. "मंडळी, बाई म्हणते, खिडकी धर! पी मार! वर, वर, वर!" त्यातल्या तीन 'वर'पैकी दोन त्याच्या पदरचे होते. मी पहिल्या दोनांना दाद दिली. टीव्ही काळाठिक्कर पडला. मासा गेला, तुम्ही गेलात. हॉलमध्ये असा आरडाओरडा झाला की त्या माशाचे एवढे चाहते असतील असं मला वाटलं नव्हतं. एव्हलिनबाईंनी चष्मा पुसला. "कुणाला म्हणून नाही," त्या म्हणाल्या, "पण या माइकवाल्याने एकदा म्हटलेलं एकदाच सांगावं, नाहीतर माझी टोपली त्याच्या डोक्यात बसेल. पुन्हा खिडकी, पुन्हा पी. आता खाली जाणारा बाण. एकदा. एंटर."

एकदा. एंटर. आणि टीव्हीवर सगळं आलं! मासा, तुम्ही, आणि तुमच्या पोटावर ओळीने मांडलेल्या फाइली. बरोबर तुमच्या बेंबीच्या जागी एक: 'आजोबा. आधी उघडू नये.'

मी खरोखर उघडणार नव्हतो. फाइल आहे एवढं बघायचं, टोफिकने दिलेल्या पेनड्राइव्हवर उतरवायची आणि निघायचं, असं ठरलं होतं. पण एकदा दाबायचं तिथे माझं बोट दोनदा पडलं. (किबुयागाची संगत.) आणि टीव्हीभर बाबा आले. दाजी, एवढे मोठे बाबा मी लहानपणीसुद्धा पाहिले नव्हते. अंगात पांढरा पायघोळ कांझू, हातात काठी, डोळे कॅमेऱ्याच्या जरा बाजूला लागलेले. किबुयागाने सवयीने माइक उचलला, "मंडळी, हा म्हातारा म्हणतोय..." आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, "गप्प बसा! मी बोलतोय." (ते बहुधा तुमच्या अंगणातल्या कोंबड्यांना म्हणाले.) किबुयागाने माइक खाली ठेवला. न्येन्डोत हे कुणी कधी पाहिलेलं नाही. मला बंद कसं करायचं ते सुचेना, आणि खरं सांगतो, सुचलं असतं तरी मी केलं नसतं.

बाबा म्हणाले, "फ्लाविया, पोरी, मला आता दिसत नाही, पण तुझं चालणं मला ऐकू येतं. घरात दहा माणसं चालत असली तरी तुझं कुठलं ते कळतं. तू जाशील तेव्हा ते ऐकू यायचं थांबेल, एवढंच. जा, नीट जा. मागे वळून बघावंसं वाटलं तर बघ. लोक नको म्हणतील. मी म्हणतो, बघ." मग त्यांनी घसा साफ केला. "आता कोंबड्याचं."

इथे, दाजी, मला थोडं थांबावं लागतं. तुमच्या क्वांजुलाला तुम्ही रीतीप्रमाणे मला, म्हणजे नवरीच्या भावाला, कोंबडा आणलात, आणि तो माझ्या हाती कधी पोचला नाही. बाबांनी मला सांगितलं की गाठ सैल होती, पळाला. त्यावरून मी एकोणतीस वर्षं काय काय बोललो ते तुम्हाला पाठ आहे. कोंबड्याविना बहीण नेली. गाठ मुद्दाम सैल बांधली. प्रत्येक बारशाला, प्रत्येक नाताळला, आणि सात वर्षांपूर्वी ईस्टरच्या जेवणात, जेव्हा तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात आणि परत आमच्या दारात पाय ठेवला नाहीत. मला वाटायचं, मी विनोद करतोय.

बाबा म्हणाले, "वॉल्टरचा कोंबडा लाल होता, चांगला दांडगा. तो पळाला नाही. मी कापला. यफेसीची आई तापातून उठली होती, तिला रस्सा हवा होता, आणि ती कुणाकडे काही मागणारी बाई नव्हती. कोंबडा मुलाचा होता, माझा नव्हता, म्हणून सांगायची लाज वाटली. मग यफेसीने त्याच्यावर इतकी भाषणं ठोकली की जास्तच लाज वाटली. आपल्या घराने वॉल्टरचा कोंबडा खाल्ला आणि वर त्यालाच नावं ठेवली. तेव्हा यफेसी, फ्लावियाच्या दिवशी सगळ्यांदेखत तू वॉल्टरच्या हातात लाल कोंबडा द्यायचास. वॉल्टर पहिल्या रांगेत बसल्याशिवाय पोरीला उठवायचं नाही. आणि वॉल्टर, हे यंत्र यफेसीला देऊ नकोस. दिलंस तर आधी त्याच्या बुडाखाली काय आहे ते बघ. माझा रेडिओ त्यानेच चपटा केला." सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मी बाकाच्या अगदी कडेला बसलो होतो, तरी उठून उभा राहिलो.

मग रडारड झाली. ती माशासाठी हळहळणारी बाई सगळ्यांत मोठ्याने रडली. रोबिना रडता रडता हसत होती आणि म्हणत होती, आईने रस्सा प्यायला होता, आईने रस्सा प्यायला होता. एव्हलिनबाई जाताना छताला म्हणाल्या, "कुणाला म्हणून नाही, पण आमच्याकडून येणारा कोंबडा दोन्ही पायांना बांधलेला असेल." पेनड्राइव्हवर प्रत उतरली आहे. शनिवारी किबुयागा स्वतः टीव्ही घेऊन येणार आहे आणि एक शब्दही बोलणार नाही, असं त्याने वचन दिलं आहे. (माइक मी ठेवून घेणार आहे.)

फ्लावियाला आम्ही सगळं सांगितलं. ती म्हणाली, आजोबांनी सांगितलंय ना, मग आतोबा आल्याशिवाय मी चटईवरून उठत नाही. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. बाबांवर गेली आहे. तर असं सगळं आहे. बाकी क्षेम. पत्र नावाडी सोझीबरोबर पाठवतो आहे, कारण तुमच्या बेटावर फोन लागायला माणसाला आंब्यावर चढावं लागतं आणि तुमच्या गुडघ्याने तुम्ही चढू नये.

आपला,
यफेसी

ता. क. : बकरी नव्हती. रोबिनाने धूळ बसू नये म्हणून लॅपटॉप सोफ्यावर विणलेल्या रुमालाखाली ठेवला होता. तो सोफा गिऱ्हाइकाकडे जायचा होता, आणि माल देण्याआधी मी प्रत्येक सोफ्यावर पूर्ण वजनानिशी बसून बघतो, हे तुम्ही जाणता. स्प्रिंगा उत्तम निघाल्या.

ता. क. : गुरुवार सकाळ. एक विचार सुचला. लाल कोंबडा मी आजच घेतला आहे. तो या पत्राबरोबर सोझीच्या हाती पाठवतो. तुम्ही तो शनिवारी बरोबर घेऊन या आणि बसल्या जागी सगळ्यांना दाखवा, म्हणजे तो पोचला हे सिद्ध होईल आणि मला तीनशे माणसांसमोर तो तुमच्या हातात द्यावा लागणार नाही. मला अशा वेळी घाम येतो. ही माझी एवढी एकच विनंती समजा, आणि सगळं पत्र त्याचसाठी लिहिलं आहे असं समजलात तरी चालेल.

ता. क. : बुकाकाटाचा धक्का, उभ्याने लिहितो आहे. कोंबडा पळाला. गाठ मी स्वतः बांधली होती. मासळीच्या टोपल्यांवरून उडी मारून तो बोरूच्या दाट जाळीत घुसला. सोझी साक्षीला आहे, पण तो इतका हसतो आहे की त्याची साक्ष कुणी धरणार नाही. खरंच पळाला, दाजी. मी कापला नाही. आता तुम्हाला जे म्हणायचं असेल ते म्हणा, मी एकोणतीस वर्षं तेच म्हणत आलो आहे, मला ते ऐकायलाच हवं. फक्त येऊन म्हणा, पहिल्या रांगेत बसून म्हणा. दुसरा कोंबडा मी शोधतो आणि घाम आला तरी हातात देतो. पोरगी मागे वळून बघणार आहे, आणि बाबांच्या जागी तिला कुणीतरी दिसलं पाहिजे. तुमच्या गुडघ्याला सोसेल असा उंच बैठकीचा नवा सोफा मी पहिल्या रांगेसाठी केला आहे. त्याच्यावर मी अजून बसून बघितलेलं नाही.